दिवा ‘नाही’ म्हणाला

तो शिडीवर उभा राहून एका वायरीची समजूत घालत होता.

“ये ना गं बाई… एवढीशी तर राहिलीस. बघ, मी काही ओढत नाही तुला. आपण सावकाश जाऊ. हां, अशी… शहाणी माझी…”

मी नाट्यगृहाच्या दारातच थबकले. भर दुपार, आत चिटपाखरू नव्हतं. मी आपली दिव्यांच्या काचा पुसायला आले होते, हातात ओलं फडकं घेऊन. आणि समोर, अर्धा रंगमंच व्यापणाऱ्या त्या पडद्यावर, हा माणूस. दोन मजले उंच. बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल खोवलेली, कानाखाली एक तीळ… तो तीळसुद्धा मला लिंबाएवढा दिसत होता.

आदल्या दिवशी पलीकडच्या नाट्यगृहाशी लाइन जोडून दिली होती, ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

वायर अगदी हुकापर्यंत गेली आणि सरसरत खाली आली. त्यानं तिच्याकडे वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, “रुसलीस?”

मला हसू फुटलं. आमचा माइकही चालूच होता. माझं हसू सीमेपलीकडे पोचायला एक श्वास लागला. तेवढा एक श्वासभर तो तसाच वाकून उभा होता, बिचारा, निर्धास्त. मग एकदम दचकला आणि त्यानं शिडीला मिठीच मारली.

“कोण आहे?”

“मी… दिवेवाली. अलीकडची.”

पुन्हा एक श्वास.

“केव्हापासून ऐकताय?”

“‘ये ना गं बाई’पासून.”

“म्हणजे सगळंच,” तो म्हणाला. शिडीच्या पायरीवर बसला, कपाळ पुसलं. “एरवी मी असा नाही हं.”

“मग कसा आहात?”

“असाच आहे,” त्यानं जरा विचार करून कबूल केलं. “पण एरवी कुणी बघत नसतं.”

“वायर तेवढी चढवा वर.”

“आता नाही चढायची. तुमच्यासमोर लाजतेय.”

मी फडकं तोंडाशी धरलं. म्हटलं, बाई, काचा पुसायला आलो आहोत आपण.

आमचे दोन देश एकेकाळी एकच होते. मग मध्ये कुंपण आलं, पूल बंद झाला, नकाशे नवे छापले. माझे बाबा म्हणतात, “भाषा तीच, शिव्या त्याच, फक्त द्यायची दिशा ठरली.” बाबांचं पुलाजवळ विजेच्या सामानाचं दुकान होतं. पूल बंद झाल्यावर निम्मं गिऱ्हाईक तिकडे राहिलं, म्हणून त्यांच्या बोलण्याला ही धार. मनात काही नाही. दिव्यांचं सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले.

नाटक माझ्या मावशीचं. आई गेल्यापासून मावशी आमच्याच घरी असते, आणि तिला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. नाटकात एक बहीण आणि एक भाऊ, मध्ये कुंपण आल्यामुळे दुरावलेले, आणि एका टेबलावरचं त्यांचं एक जेवण. बहिणीचं काम करणारी नटी आमच्या रंगमंचावर, अर्ध्या टेबलाशी बसलेली. भावाचं काम करणारा नट त्यांच्या रंगमंचावर, उरलेल्या अर्ध्या टेबलाशी. आमच्या पडद्यावर त्यांचं अर्धं, त्यांच्या पडद्यावर आमचं. एरवी पडदाभर दिसणारं चित्र नाटकापुरतं खरोखरीच्या मापाचं करून टेबलाला टेबल असं जुळवायचं, की बघणाऱ्याला वाटावं, हात पुढे केला तर पोळीचा तुकडा पलीकडे देता येईल. ते जुळवायचं काम त्याचं. त्यांच्याकडचा पडदा, कॅमेरा, आवाज सगळं तोच बघायचा. इकडे दिवे माझे.

अडचण एकच. इथलं तिथे पोचायला एक श्वास उशीर. आणि तो उशीरही रोज सारखा नसे, हवेवर असल्यासारखा कधी लांबे, कधी आखडे. म्हणून रोज तालमीच्या आधी आम्ही दोघं आपापल्या नाट्यगृहात तासभर आधी यायचो आणि उशिराचा अंदाज घ्यायचो. मी दिवा लावायचा, त्यानं दिसला की सांगायचं. त्यानं टाळी वाजवायची, मी ऐकू आल्याची खूण करायची.

आणि नेमका तोच माझ्या मौनाचा तास.

रोज दिवेलागणीला मी तासभर बोलत नाही. बाबा फार आजारी पडले होते, तेव्हा मी देवाला बोलले होते तसं. बाबा उठून बसले, मौन तसंच चालू राहिलं. देवानं आपलं काम केलं म्हणून आपण आपलं थांबवायचं, हे मला काही बरं वाटेना. बाबा मावशीला म्हणतात, “माझ्या दुखण्याचा फायदा बघा. नाहीतर ही पोरगी लहानपणी झोपेतसुद्धा गप्प नसायची.” मावशी म्हणते, “भावोजी, तुम्हीही धरून बघा मौन. घराला सोसेल.”

त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी बोलता बोलता मध्येच थांबले, कारण वेळ झाली होती.

“ऐकू येतंय ना? …हॅलो? …लाइन गेली का?” मग जरा खालच्या आवाजात, “की रागावलात?”

मी मागे माझ्या बटणांच्या टेबलाशी, अंधारात. कॅमेरा रंगमंचाकडे तोंड करून. मी त्याला दिसणार कशी? त्याला दिसत होतं फक्त अर्धं टेबल आणि त्यावर लोंबणारा पिवळा दिवा.

“असाल तिथे, तर दिवा तरी लावा.”

मी दिवा एकदा लुकलुकवला.

एका श्वासानं त्याचा चेहरा उजळला. अगदी आमच्या दिव्यानंच उजळल्यासारखा.

“आहात. बरं. बोलता येत नाहीये? …एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं धरू. घसा बसलाय?”

दोनदा.

“कुणी बसलंय शेजारी?”

दोनदा.

“मग तुम्ही… थांबा, आमची एक आत्या असंच करायची. व्रत आहे?”

एकदा.

“रोज?”

एकदा.

“रोज याच वेळेला?” तो हसायला लागला. “देवा, मला गप्प बसता येत नाही आणि तू मला जोडीदारीण दिलीस ती अशी.”

हे ऐकून माझा हात बटणावर घसरला. दिवा हळूहळू मंद झाला आणि पुन्हा हळूहळू वर आला.

“हे काय होतं? हो पण नाही, नाही पण नाही…” तो पडद्याजवळ आला. “हसलात का?”

 पुढे तसंच ठरून गेलं. दिवा मंद झाला की मी हसले.

मग रोजचंच झालं ते. उशिराची चाचणी पटकन उरकायची आणि उरलेला वेळ त्यानं बोलायचं, मी दिव्यानं उत्तर द्यायचं. हो-नाहीत माणूस किती सांगू शकतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं शोधून काढलं, की मला कारलं आवडत नाही, उंचीची भीती वाटत नाही, पोहता येत नाही. की मी थोरली आहे, धाकटं कुणीच नाही. की मी आज रडले होते, पण आता बरं आहे.

“कुणी रडवलं? मावशीनं? …बाबांनी? …त्या नटीनं? …कुणीच नाही? मग काय, कांदा?”

एकदा. खरंच कांदा होता.

“मी इकडे जीव टाकतोय आणि तुम्ही कांदा चिरताय.”

मंद. मंद. मंद.

एकदा तिकडे पाऊस होता. आमच्याकडे कोरडं, धुळीनं भरलेलं आभाळ, दिवसभर गरम वारा. तो आला तेव्हा केस भिजलेले, खांद्यावर पाण्याचे डाग. त्यानं विचारलं, “तुमच्याकडे आलाय का?”

दोनदा.

 त्यानं माइक काढला, त्याची लांबलचक वायर उलगडत उलगडत पडद्याबाहेर गेला. खिडकी उघडल्याचा आवाज आला. आणि मग आमच्या रिकाम्या नाट्यगृहात पाऊस सुरू झाला… पत्र्यावर, पानांवर, कुठेतरी एका बादलीत टपटप. मी डोळे मिटून बसले. परवाने, कुंपणं, सगळं ओलांडून आलेलं ते पाणी माझ्या अंगावर एक थेंबही न पडता मला भिजवत होतं. रिकाम्या रंगमंचावर दिवा कधी मंद होऊन तसाच राहिला, मला कळलंच नाही.

त्या रात्री देवापुढे बसले तेव्हा रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला.

लाइनवर फक्त कामाचं बोलायचं, असा नियम होता. दोन्हीकडच्या सांस्कृतिक खात्यांनी तसं आधीच सांगितलेलं. तिकडे सगळा आवाज रेकॉर्ड व्हायचा आणि त्यांचे देखरेखीचे साहेब तो ऐकायचे. नियम मोडला तर लाइन बंद, म्हणजे नाटकही बंद. तो म्हणायचा, “एवढं सगळं ऐकत कोण बसतंय?” आणि मी माझी समजूत घातली होती की मी तर मौनात आहे, मी कुठे बोलतेय? आपलं मन आपल्यापुरतं फार हुशार असतं.

शेवटचा प्रयोग मात्र पडद्याशिवाय व्हायचा होता. दोन्हीकडची माणसं, दोन्हीकडची अर्धी टेबलं, एकाच रंगमंचावर, आमच्या नाट्यगृहात. मावशीनं त्यासाठी खात्याच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या, की तिथला शिपाई तिला चहा विचारू लागला. परवानगी मिळाली. त्यांच्याकडून येणार होते दोघंच, नट आणि तो.

मी चाचणीला जाताना साडी बदलून जाऊ लागले. मावशी म्हणाली, “अंधारात बसतेस ना तू?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “नाही, सहज विचारलं.”

आणि एका दिवेलागणीला पडद्यावर त्याच्या जागी साहेब आले.

नीटनेटके, शर्टाच्या खिशात घडी घातलेला रुमाल, समोर एक छोटं यंत्र. बाजूला तो उभा होता. पहिल्यांदाच मी त्याला गप्प बघत होते. आमच्याकडे रंगमंचावर मावशी, नटी, आणि माझा डबा घेऊन आलेले बाबा. मी मागे, माझ्या जागी, अंधारात. वेळ नुकतीच सुरू झाली होती.

“मला एक खुलासा हवाय,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट. “हे तुमच्याबरोबर काम करणारे गृहस्थ रोज तासभर बोलतात. समोरून कुणी बोलत नाही. मी ऐकवतो.”

त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. आणि सगळ्यांसमोर नाट्यगृहात त्याचा आवाज आला.

“‘आज उशीर केलात. …रागावलात का? …मी नाही, तुम्ही. …थोडंसं? …बरं, मग मी गातो.’”

साहेबांनी बटण बंद केलं. “यापुढे गाणं आहे. ते मी लावत नाही.”

नटीनं पदर तोंडाला लावला.

“‘कारलं? …नाही? …अहो, मलाही नाही. आपलं जमणार.’” साहेबांनी वर बघितलं. “कारलं म्हणजे काय? कशाचा संकेत आहे हा?”

“भाजी असते साहेब,” बाबा म्हणाले.

“ते मला माहीत आहे.”

“आमच्या घरात एकीला आवडत नाही,” बाबा पुढे बोलले आणि मध्येच थांबले. हळूच मान वळवून त्यांनी मागे अंधारात बघितलं. मावशीनंही बघितलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“कुणाशी बोलत होता तुम्ही?” साहेबांनी त्याला विचारलं.

“कुणाशीच नाही,” तो म्हणाला. “मला एकट्यानं बोलायची सवय आहे. वायरींशीसुद्धा बोलतो मी, कुणालाही विचारा.”

 तो मला झाकत होता. माझं नाव पुढे आलं तर लाइन जाईल, नाटक जाईल, मावशीचे सगळे खेटे पाण्यात जातील… आणि म्हणून तो स्वतःला वेडा ठरवून घेत होता.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मग असं करू. नाटक होऊ दे. पण हवेशी तास तास गप्पा मारणाऱ्या माणसाला मी परदेशी पाठवू शकत नाही. यांच्या जागी खात्याचा दुसरा माणूस येईल. यांना उद्यापासून लाइनवरही बसवायचं नाही.” त्यांनी आमच्याकडे बघितलं. “तिकडच्या कुणाला काही सांगायचं आहे?”

मावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं ते माझंच होतं, हे तिला कळलं असणार. आणि माझी ती वेळ होती.

बाबा उठून बसले त्या दिवसापासून मी ती कधी मोडली नव्हती. तापात नाही, भांडणात नाही. मी हात जोडले. मनात म्हटलं, देवा, तुला दिलेला तास तुझाच आहे. पण मी आत्ता गप्प बसले तर ते मौन नव्हे. ते खोटं होईल, आणि खोटं मी तुला देऊ कसं?

मी माइक ओढला.

“ते माझ्याशी बोलत होते.”

 बाबांच्या हातातला डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. आणि एक श्वास उशिरानं, पडद्यावर, त्याची खाली गेलेली मान वर आली.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“दिवेवाली.”

“तुमचा आवाज यात कुठेच नाही.”

“मी दिव्यानं उत्तरं देत होते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.”

साहेबांनी रुमाल काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. “दाखवा.”

मी बटणावर हात ठेवला.

“आज गुरुवार आहे?”

एकदा.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात वार बघितला. “तुम्ही माझ्याहून वयानं मोठ्या आहात?”

दोनदा.

“मला घाबरलात?”

मी जरा थांबले. एकदा.

“हं,” साहेब म्हणाले. त्यांना ते आवडलं असावं, कारण ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “तुमचं हे जे काही बोलणं चालायचं, ते कामाचं होतं का?”

 एकदा बटण दाबलं असतं, की सगळं निभावलं असतं. नाटक, लाइन, त्याचं येणं. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, पण तिच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. एकदा. फक्त एकदा.

आणि मग तो पाऊस कामाचा ठरला असता. तो कांदा, ती गाणी. मी हसले ते सगळं.

दिवा लुकलुकला. आणि पुन्हा लुकलुकला.

नाही.

इकडे बाबांनी खाकरून घसा साफ केला. पडद्यावर अजून काहीच बदललं नव्हतं, माझं ‘नाही’ वाटेत होतं. मग ते पोचलं. मी त्याचा चेहरा बघत होते, दोन मजले उंच, डोळ्यांच्या कडांसकट, तिळासकट. इतकं मोठं करून कुणाचाही आनंद मी कधी बघितला नव्हता. मीच डोळे खाली केले.

साहेबांनी यंत्र बंद करून बाजूला सारलं.

“नियम असा आहे,” अखेर ते म्हणाले, “की दोन बाजूंमध्ये खासगी संभाषण झालं तर लाइन बंद. आता माझ्याकडे जे आहे त्यात एकच माणूस बोलतो. एकटा माणूस बोलतो त्याला संभाषण म्हणत नाहीत.” ते उठले. “उद्यापासून चाचणी सकाळी, माझ्यासमोर. नावांची यादी मी वर पाठवतो, आहे तशीच. वरचे काय करतील ते त्यांच्या हातात.” जाता जाता ते त्याच्याकडे वळले. “आणि गाणं शिका कुठेतरी.”

 दुसऱ्या दिवशी मी दोन तास मौन धरलं. बाबा म्हणाले, “व्याजासकट फेडतेय.” पण पान वाढताना त्यांनी कारल्याची वाटी माझ्यापुढून मुद्दाम, सगळ्यांना दिसेल अशी उचलली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळच्या चाचणीत तो शहाण्यासारखा टाळ्या वाजवायचा, मी शहाण्यासारखी दिवे लावायचे, आणि शेजारी साहेब बसलेले. यादीचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेम्पो येऊन थांबला तेव्हाही मला ठाऊक नव्हतं.

आधी नट उतरला. मग टेबलाचं अर्धं. मग टेबलाच्या मागून एक माणूस.

पडद्यावर दोन मजले उंच असलेला हा माणूस माझ्या कानाच्या पाळीला लागत होता.

तो सरळ माझ्याकडे आला, वायरींचं भेंडोळं माझ्या हातात दिलं, “जरा धरा हं ताई,” म्हणाला आणि पुढे गेला. नटीपाशी थांबून, केस सारखे करत त्यानं विचारलं, “दिवेवाल्या बाई… आल्या नाहीत का?”

नटीनं नुसतं बोट केलं. माझ्याकडे.

तो वळला. त्यानं मला आजवर बघितलं होतं ते लांबून, अंधुक, दिवे पुसणारी शिडीवरची एक आकृती म्हणून. तो बघत राहिला. मी बघत राहिले. एक श्वास गेला, दुसरा गेला.

“तुम्ही मला ताई म्हणालात,” मी म्हटलं.

“ते परत घेतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “लगेच घेतो.”

“उंच आहात हो फार,” मागून मावशी म्हणाली आणि आत गेली.

रंगमंचावर टेबलाला टेबल लावलं आणि सगळे वाकून जोड बघू लागले. आमचं अर्धं त्यांच्या अर्ध्यापेक्षा चांगलं चार बोटं उंच होतं. इतके दिवस पडद्यावर तो चित्र वरखाली सरकवून जोड नेमकी जुळवत होता. इतकी नेमकी, की खरी टेबलं मोजायची कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आमचं बरोबर आहे,” त्यांचा नट म्हणाला.

“आमचंही बरोबर आहे,” आमची नटी म्हणाली. “तुम्ही बुटकं केलंत.”

“तुम्ही उंच केलंत. पाय कापा.”

“आम्ही का कापायचे?”

“कापायचं कुणीच नाही,” बाबा म्हणाले. ते केव्हा आले कुणाला कळलं नव्हतं; हातात करवत, काखेत लाकडाचे तुकडे. “खाली लाकूड सरकवू. दोघांनी आत जाऊन टेबल उचलून धरा. कोण जातंय?” त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि उगाचच विचारल्यासारखं म्हणाले, “हे बुटकेपणाचं काम ज्याचं, तो. आणि दिवेवाली, तू जा. तुला अंधाराची सवय आहे.”

टेबलावरून जमिनीपर्यंत कापड सोडलं होतं. आत अंधार, नव्या रंगाचा वास. आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो, खालच्या फळीला हात लावले. बाहेर बाबांचे जोडे इकडून तिकडे फिरत होते.

“इथे रेकॉर्डिंग नाही ना?” तो कुजबुजला.

“नाही.”

“आणि तुमची वेळ?”

“अजून पुष्कळ आहे.”

“मग मी एक विचारतो. पण हो-नाही चालणार नाही. मला पूर्ण वाक्य हवंय.” तो थांबला. हा माणूस, एवढा बोलणारा, शब्द शोधत होता. “मला चारच दिवसांची परवानगी आहे. मग मी परत जाणार. मग पुन्हा अर्ज, पुन्हा साहेब, पुन्हा वाट बघणं. कदाचित वर्षानुवर्षं. मी उंचही नाही, हे तुम्ही बघितलंच. …असा माणूस तुम्हाला…” त्यानं फळी घट्ट धरली. “वाक्य तुम्हीच पुरं करा.”

बाहेर करवत चालू होती. खर्र, खर्र. लाकडाचा भुसा कापडाखालून आमच्या गुडघ्यांपाशी येत होता.

“तुम्ही पाऊस ऐकवलात ना,” मी म्हटलं, “त्याच रात्री मी देवाला सांगून टाकलं होतं. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.”

“काय सांगितलंत?”

“की याला इकडे आण, नाहीतर मला तिकडे ने. वाट बघायला लावायची तर लाव, मला वाट बघता येते. पण माणूस हाच.”

 मी वळून बघितलं तर त्याचे डोळे भरले होते, आणि तो हसत होता, आणि फळीवरचा त्याचा हात सरकत सरकत माझ्या हातावर आला होता.

“ऐकू आलं का?” मी विचारलं.

“आलं,” तो म्हणाला. “अजिबात उशीर न होता.”

“उचला रे दोघांनी,” बाहेरून बाबा म्हणाले. “हां… आणखी थोडं… धरून ठेवा.” लाकूड आत सरकलं. एकदा ठोकलं, पुन्हा ठोकलं. मावशीनं वरून टेबलावर हात फिरवल्याचा आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता. “जमलं, भावोजी,” ती म्हणाली.

“झालं. सोडा आता,” बाबा म्हणाले.

टेबल तेवढं आम्ही सोडलं.